ॲरेनियसची गणितं चुकतायत? आधी हे बघ

ॲक्टिव्हेशन एनर्जीचं (रिॲक्शन व्हायला लागणारी किमान ऊर्जा) उत्तर पुस्तकाशी जुळत नाही म्हणतोस ना? अरे ॲरेनियसचं सूत्र (तापमानानुसार रिॲक्शनचा वेग किती बदलतो ते सांगणारं) तर बरोबर आहे तुझं, घोळ युनिटचा आहे. आर (गॅस कॉन्स्टंट) 8.314 घेतलास ना, मग उत्तर जूलमध्येच येणार, आणि पुस्तकात मागे किलोजूलमध्ये दिलंय, म्हणजे हजाराने भागायचं राहिलं एवढंच. टेंपरेचर पण केल्विनमध्येच टाक, 25 डिग्री म्हणजे 298, नाहीतर सगळंच बोंबलतं.

आणि ते "10 डिग्री वाढले की रिॲक्शनचा रेट डबल" डोळे झाकून लिहू नकोस. 298 वरून 308 ला जाताना ॲक्टिव्हेशन एनर्जी 50 किलोजूल पर मोलच्या आसपास असेल तरच डबल होतो, 100 असेल तर पावणेचार पटीच्या जवळ जातो, एकदा स्वतः काढून बघ. क्लासवाले हे सांगतच नाहीत राव.

कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रिॲक्शन फास्ट करणारा पदार्थ) समजायचा असेल तर मेडिकलमधून 3 टक्केवालं हायड्रोजन पेरॉक्साइड आण, वाटीत थोडं ओत आणि कच्च्या बटाट्याची फोड टाक, लगेच फेस येतो, बटाट्यातलं कॅटालेज नावाचं एन्झाइम ते काम करतं. एरवी कॅटॅलिस्ट नसताना पेरॉक्साइड फुटायला ॲक्टिव्हेशन एनर्जी 75 किलोजूल पर मोलच्या आसपास लागते म्हणून बाटली कपाटात आरामात टिकते. नीट उकडलेला बटाटा टाकलास तर ढिम्म, कारण एन्झाइमच मेलेलं असतं.

फक्त कॅटॅलिस्टने डेल्टा एच (रिॲक्शनमध्ये बाहेर पडणारी किंवा शोषली जाणारी उष्णता) बदलतो असं लिहू नकोस, इक्विलिब्रियम (पुढची आणि उलटी रिॲक्शन सारख्याच वेगाने चालते ती स्थिती) पण सरकत नाही, पुढची आणि उलटी दोन्ही रिॲक्शन सारख्याच पटीने फास्ट होतात, एमसीक्यूत हमखास इथेच मार्क जातात.