सत्ताधारी चुकला, तर पुढे काय?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

लेखासाठी तू पाठवलेला तक्ता नीट वाचला. डावीकडे लोकशाही, उजवीकडे हुकूमशाही, आणि चौदा देश त्या दोन रकान्यांत वाटलेले. मेहनत दिसते. पण हे रकाने आधी मोडून टाक. देशाला अगोदरच नाव चिकटवलं, की आपण त्या नावाला शोभेल तेवढंच शोधत बसतो.

नावांवर तर मुळीच जाऊ नकोस. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात 'लोकशाही' आहे, आणि नॉर्वेत राजा आहे. निवडणूक होते की नाही, एवढ्यानेही भागत नाही. रवांडात 2024 साली मतदान झालं आणि राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांना 99 टक्क्यांहून जास्त मतं पडली. उलट बोट्सवानात 1966 पासून एकच पक्ष निवडून येत होता, म्हणून तू त्याला उजवीकडे बसवलंस. ऑक्टोबर 2024 मध्ये तो पक्ष 38 जागांवरून 4 वर आला, आणि सगळे निकाल लागायच्या आतच राष्ट्राध्यक्षांनी हार मान्य केली. अठ्ठावन्न वर्षांची सत्ता एका मतदानात गेली, एक गोळी न झाडता.

रकान्यांऐवजी प्रश्न मांड. प्रमुखाला रक्त न सांडता कोण घालवू शकतं? त्याला 'नाही' कोण म्हणू शकतं, आणि म्हटल्यावर त्या माणसाचं काय होतं? वाईट बातमी वरपर्यंत पोचते का? मतदारसंघ कोण आखतं आणि मतं कोण मोजतं? उत्तरात विशेषणं नकोत. कलम, तारीख, आकडा हवा. 'न्यायव्यवस्था स्वतंत्र आहे' हे उत्तर नव्हे. कोणत्या साली, कोणत्या खटल्यात सरकार हरलं आणि त्याने तो निकाल पाळला का, ते लिही.

एक जोडी नमुन्यादाखल मांडतो.

दक्षिण कोरिया, 3 डिसेंबर 2024. रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा पुकारला. तिथल्या राज्यघटनेचं कलम 77 सांगतं की संसदेच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी झाली, तर तो उठवावाच लागतो. सदस्य 300, म्हणजे किमान 151 जण सभागृहात पोचायला हवेत. फाटकावर पोलीस उभे. खासदार कुंपणावर चढून आत उतरले. सैनिक खिडक्या फोडून इमारतीत शिरले. रात्री एकच्या सुमारास हजर असलेल्या 190 जणांनी मार्शल लॉ उठवा म्हणून मत दिलं, विरोधात एकही नाही. त्यांत सत्ताधारी पक्षाचेही 18 होते. पहाटे साडेचारच्या सुमारास मार्शल लॉ उठवल्याचं जाहीर झालं, आणि एप्रिल 2025 मध्ये घटनात्मक न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने युन यांना पदावरून काढलं.

शेजारी आपली आणीबाणीची, 25 जून 1975 ची रात्र ठेव. आणीबाणी पुकारण्यासाठी तेव्हाच्या कलम 352 ला 'अंतर्गत अशांतता' एवढं कारण पुरायचं. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागत नव्हता. राष्ट्रपतींची सही रात्री झाली, मंत्र्यांना सकाळी कळलं. संसदेने जुलैत मान्यता दिली, तेव्हा विरोधी बाकांवरचे अनेकजण तुरुंगात होते. अटकेविरुद्ध दाद मागायला गेलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1976 मध्ये चार विरुद्ध एक अशा निकालाने दार बंद केलं. तो 'एक' म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती. त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. भारताच्या दुसऱ्या प्रश्नासमोर हे लिहायचं, कितीही टोचलं तरी.

पण तिथे थांबू नकोस. बरेच विद्यार्थी तिथेच थांबतात. पुढे दुरुस्त काय झालं ते शोध. मार्च 1977 मध्ये लोकांनी मतदानाने आणीबाणी लादणारं इंदिरा गांधींचं सरकार पाडलं, आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने एकेक भोक बुजवलं. 'अशांतते'ऐवजी 'सशस्त्र बंड' आलं, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला. एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी, तीही विशेष बहुमताने, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर आणीबाणी उठवायच्या ठरावासाठी चौदा दिवसांत खास बैठक घ्यावी लागते. कलम 21 मधला जगण्याचा हक्क आता आणीबाणीतही गोठवता येत नाही. लोकशाहीही मोठी चूक करते. ती चूक कोणत्या कलमात दुरुस्त झाली, हे दाखवता आलं की तुझ्या लेखाला वजन येईल.

वाईट बातमीच्या प्रश्नासाठी चीनचं 1959 साल घे. शेती आणि उद्योगाचं उत्पादन झपाट्याने वाढवायच्या 'मोठी झेप' मोहिमेत स्थानिक अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवत. सरकारची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, त्या आकड्यांवर ठरे, मग गावात खायलाच उरत नसे. जुलैमध्ये लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी पक्षप्रमुख माओंना पत्र लिहून मोहिमेतल्या चुका मांडल्या. त्यांचं मंत्रिपद गेलं. त्यानंतर कोण कशाला तोंड उघडेल? त्याच वर्षी चीनने धान्य निर्यातही केलं. 1959 ते 1961 मधल्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. ही तफावतही नोंदव. ती वाईट बातमी दाबल्याचाच पुरावा आहे.

त्यापुढे महाराष्ट्राचा 1972 चा दुष्काळ ठेव. हाल भयंकर झाले, पण वर्तमानपत्रं आणि विधानसभा सरकारच्या मागे हात धुऊन लागली होती, मुंबईत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. दुष्काळी कामांवर लाखो माणसांना मजुरी मिळाली, आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला.

मतदारसंघ कोण आखतं, या प्रश्नासाठी हंगेरी घे. एकच आकडा पुरे. 2014 मध्ये सत्ताधारी आघाडीला सुमारे 45 टक्के मतं आणि 199 पैकी 133 जागा मिळाल्या, म्हणजे दोन तृतीयांश. निवडणुकीचे नियम आणि मतदारसंघ याच सत्ताधाऱ्यांनी 2010 नंतर नव्याने आखले होते. रणगाडा कुठेच दिसत नाही, म्हणून हा प्रकार तुझ्या नजरेतून सुटला.

'हुकूमशाहीत कामं झटपट होतात' हा मुद्दा तू टाळलायस. टाळू नकोस. चीनमध्ये चाळीस वर्षांत जवळपास 80 कोटी माणसं अतिदारिद्र्यातून वर आली, हे मोठं काम आहे. फक्त नमुना निवडताना लबाडी नको: एकहाती सत्तेसाठी सिंगापूर घेतलंस, तर हुकूमशहा मोबुटूंचं झाईरही (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) घे, 1965 ते 1997. चांगला राज्यकर्ता मिळाला तर ठीक. वाईट मिळाला तर त्याला बदलायची सोय बत्तीस वर्षं नव्हती.

आंतरराष्ट्रीय निर्देशांक शेवटी बघ. फ्रीडम हाऊस ही अमेरिकेतली संस्था देशांना स्वातंत्र्यासाठी 100 पैकी गुण देते, त्यांतले 40 राजकीय हक्कांचे आणि 60 नागरी स्वातंत्र्याचे. नुसती बेरीज उतरवू नकोस, कोणत्या प्रश्नावर गुण कापले ते वाच.

आणि एक ओळ मुंबईची टाक. महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली, नवं मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. राज्यघटनेचं कलम 243-यू म्हणतं, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. मधल्या काळात 227 पैकी एकही नगरसेवक नाही, आयुक्तच प्रशासक. एरवी आयुक्त अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे मांडतात आणि तो पुढे सभागृहात जातो. त्या वर्षांत तो मंजूर करणारेही, प्रशासक म्हणून, आयुक्तच होते. कामं बंद पडली नव्हती, म्हणूनच हे उदाहरण तपासण्यासारखं आहे. तुझ्या वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज दे: 2021 आणि 2023 मध्ये तुझ्या प्रभागात कोणती कामं झाली, ती कुणी सुचवली, खर्च किती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, एका अर्जात एकच विषय ठेव, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. पोच घेतल्याशिवाय निघू नकोस. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. तोवर बाकीच्या देशांच्या ओळी भरून पाठव.