लाईफटाईम लायसन्स राहू द्या, आधी आईचे २० परत करा

एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३१, नोकरी आहे, आई सोबत राहते. "आकडे छापू नका, ऑफिसातले लोक वाचतात" असं लिहिलंय, म्हणून त्यांच्या हातात पडणारा महिन्याचा पगार १०० धरतो आणि बाकी सगळे आकडे त्याच मापात सांगतो.

पत्र थोडक्यात असं: "सहा महिन्यांपूर्वी व्हिडिओ एडिटिंगचा ऑनलाईन कोर्स घेतला. फी १८०, पण नो कॉस्ट ईएमआय, महिन्याला १० असे १८ हप्ते. एकरकमी भरली असती तर १५० मध्ये देत होते पण तेवढे नव्हते. कोर्ससोबत सॉफ्टवेअरचा लाईफटाईम अॅक्सेस फ्री होता. मागच्या महिन्यात लॉगिन बंद झालं, कोर्सवाले फोन उचलत नाहीत, माझ्या ११ व्हिडिओंचे प्रोजेक्ट आत अडकलेत. आता तेच सॉफ्टवेअर महिना २.५ ने घ्यावं, की दुसऱ्या कंपनीचं लाईफटाईम ३० ला मिळतंय ते घ्यावं? सेल रविवारी संपतोय. सेव्हिंगला ४५ आहेत. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज मागे पडायचा म्हणून दुसऱ्याकडे झुकलोय. वर्षअखेर चॅनेल चालायला लागलं की नोकरी सोडणार आहे. ता.क. कर्ज आईच्या नावावर आहे कारण माझा क्रेडिट स्कोअर कमी होता. हप्ता तिच्या खात्यातून कटतो, मी तिला देतो. माईक आणि लाईट घेतल्यामुळे मागचे दोन महिने जमलं नाही, पण ती काही बोलत नाही. तिला ३० पेन्शन आहे."

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि ता.क. चारदा. ती काही बोलत नाही म्हणजे काय हो? ३० पेन्शनमधले १० दर महिन्याला गुपचूप कटतायत, म्हणजे तिसरा हिस्सा, आणि ती बोलत नाही कारण बोलून काय होणारे, पोरगा काहीतरी शिकतोय म्हणून गप्प बसलीये. तुम्ही याला 'जमलं नाही' म्हणता. तिच्या बाजूने बघितलं तर दोन महिने तिने तुमचा माईक आणि लाईट घेऊन दिलाय.

आता हे कर्ज नक्की काय आहे ते समजून घ्या, कारण पत्रावरून वाटतं की तुम्ही त्याला कोर्सची फी समजताय. फी तर केव्हाच भरून झाली. कर्ज देणाऱ्या कंपनीने सहा महिन्यांपूर्वीच कोर्सवाल्यांच्या हातात पैसे ठेवले आणि ते सुटले. आता देणं आहे ते आईचं, आणि ते त्या कर्ज कंपनीला. कोर्सवाले उद्या दुकान बंद करून गेले, लॉगिन बंद पडलं, सरांनी शिकवलंच नाही, काहीही झालं तरी हप्ता कटत राहणार. बरेच लोक इथे चिडून हप्ता बंद करतात, "मला सेवाच मिळाली नाही तर पैसे कशाला भरू" म्हणतात, आणि मग वसुलीचे फोन सुरू होतात. तुमच्या केसमध्ये ते फोन तुम्हाला येणार नाहीत, आईला येतील. स्कोअर तिचा खराब होणार. उद्या तिलाच दवाखान्यासाठी कर्ज लागलं तर तेव्हा कळेल या सहीची किंमत. आणि तुमचा स्कोअर कमी होता म्हणून बँक जे तुम्हाला द्यायला तयार नव्हती ते तुम्ही तिच्या नावावर घेतलंत, म्हणजे ज्याला कर्ज झेपणार नाही असं बँकेला वाटलं त्यालाच मागच्या दाराने मिळालं. बँक इतक्या वेळा चुकते पण यावेळी बरोबर होती असं म्हणावं लागतंय.

नो कॉस्ट म्हणे. रोख भरले तर १५०, हप्त्याने १८०, मग मधले ३० कोणाचे? हिशोब करून बघितला, १५० उचलून १० चे १८ हप्ते फेडायचे म्हणजे महिन्याला २ टक्के, वर्षाला चोवीसच्या घरात. याला नो कॉस्ट म्हणणाऱ्याचा मला हेवा वाटतो. तुम्ही मुदत ठेव केली असती तर याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं तरी व्याज मिळालं असतं का ते बघा. विकणारा माणूस खोटं बोलला असंही नाही, 'हप्त्यावर वेगळं व्याज नाही' एवढंच तो बोलला, व्याज आधीच किमतीत कालवलेलं होतं.

तर करायचं काय. आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर, सेव्हिंगमधल्या ४५ मधून २० आईच्या खात्यात टाका. पगार झाला की परवा देतो, पुढच्या महिन्यात देतो असं नको. उरले २५. मग पगाराच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या खात्यातून तिच्या खात्यात १० आपोआप जातील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा, रक्कम हप्ता कटायच्या आधी पोचली पाहिजे. बारा हप्ते बाकी आहेत, १२ वेळा ते तुमच्या पगारातून गेलं पाहिजे, आठवण ठेवून नाही तर आपोआप. 'मी देतो ना तिला' वाले सगळे हिशोब असेच बुडतात, माझ्या क्लायंटमध्येही बुडालेत आणि माझ्या घरातही.

आणि कर्ज कंपनीकडून आईच्या नावाने कर्जाचं पूर्ण स्टेटमेंट मागवा. प्रोसेसिंग फी लावलीये का, कर्जाबरोबर इन्शुरन्स चिकटवलाय का, आज बंद करायचं तर किती पडतील, हे तिन्ही बघा. माझ्या अंदाजाने आज बंद करायला १०६ च्या आसपास लागतील, तुमच्याकडे नाहीत, त्यामुळे सध्या तो विषय नाही, पण बोनस वगैरे काही आला तर सरळ इथे ओता, माईकमध्ये नाही. कोर्सवाल्यांना फोन करत बसू नका, लेखी मेल टाका, लाईफटाईम अॅक्सेस असं जिथे लिहिलं होतं त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा, पैसे परत मागा. मिळतील अशी आशा धरून बजेट बनवू नका.

आता नोकरी सोडण्याचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. तुम्ही ११ व्हिडिओ टाकलेत, तीन महिन्यांत २,३०० व्ह्यू, सरासरी दोन मिनिटं बघितले गेले. म्हणजे साधारण ७७ तास. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास लागतात, शॉर्ट्सच्या वाटेने गेलात तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यू. तुमच्या वेगाने वर्षात ३०० तास होतात, म्हणजे तेरापट वेग हवा, आणि त्यात वर्षापूर्वीचे तास मोजणीतून गळत जातात हे वेगळंच. शिवाय ४,००० तास झाले म्हणजे पगार सुरू झाला असं नाही, तिथे फक्त दार उघडतं, लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातीतलं ५५ टक्के तुमचं. कोर्स विकणाऱ्याने 'सहा महिन्यांत पगाराइतकं' सांगितलं असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. सहा महिने झाले ना? मग विचारा त्याला.

क्लायंटची कामंही केलीत, दोन कामं मिळून ३ मिळाले, तास लागले ४० असं तुम्हीच लिहिलंय. पगाराच्या नोकरीत महिन्याला १७५-१८० तास धरले तर तासाला अर्ध्याच्या थोडं वर पडतं. एडिटिंगमध्ये तासाला ०.०७५. सात-साडेसातपटीचा फरक. शिकताना असं होतं, त्यात कमीपणा काही नाही, पण या आकड्यावर नोकरी सोडायची म्हणजे आईच्या पेन्शनवर घर चालवायचं. सोडायची तर अट साधी ठेवा, एडिटिंगचं उत्पन्न सलग सहा महिने ६० च्या वर, कर्ज संपलेलं आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला. तोपर्यंत हा विषय आईसमोर काढूही नका.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, सॉफ्टवेअरचा. याला पाच मिनिटं पुरतात.

ते 'लाईफटाईम' कोर्सवाल्यांचं होतं, सॉफ्टवेअर कंपनीचं नाही, बहुतेक त्यांनी एका टीम अकाउंटमधल्या जागा विद्यार्थ्यांना वाटल्या आणि मग भाडं भरणं थांबवलं. लाईफटाईम म्हणजे कोणाचं आयुष्य हे आधी विचारायचं असतं. खुद्द कंपनीकडून घेतलं तरी बरेचदा ते त्या व्हर्जनचं आयुष्य निघतं, पुढचं व्हर्जन आलं की अपग्रेडचे पैसे, एफेक्ट्सची लायब्ररी वेगळी, कॉम्प्युटरची सिस्टीम बदलली की हे चालत नाही. अटी वाचा, 'मेजर अपडेट' शब्द शोधा.

आणि मुख्य गोष्ट तुमच्या लक्षातच आलेली नाही. दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर ३० ला घेतलंत तरी तुमचे ११ प्रोजेक्ट त्यात उघडणार नाहीत! प्रत्येकाची प्रोजेक्ट फाईल वेगळी. एक्सएमएल, म्हणजे एडिटचा आराखडा असलेली फाईल, काढून दुसरीकडे नेता येतं, त्यात कट आणि क्रम जातात, पण टायटल, एफेक्ट, रंगाचं काम बहुतेक वाटेतच गळतं. तेव्हा जुनं सॉफ्टवेअर फक्त एका महिन्यासाठी घ्या, २.५ द्या, एका शनिवारी बसून सगळे ११ उघडा, पूर्ण क्वालिटीत एक्सपोर्ट करा, एक्सएमएल काढा, मूळ क्लिप एका हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्याच संध्याकाळी ऑटो-रिन्यू बंद करा. पण घेताना नीट बघा की ते खरंच महिन्याचं आहे, 'वार्षिक, दरमहा भरायचं' नाही. दोन्ही बटणं शेजारी असतात आणि स्वस्त दिसणारं असतं ते वर्षाचं. प्रीमियर प्रो बनवणाऱ्या अडोबीची व्यावसायिक एडिटिंगची दुकानदारी २०१३ पासून सबस्क्रिप्शनवर गेली, आणि वर्षाचा प्लॅन मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या रकमेच्या निम्मे भरावे लागतात हे नीट सांगितलं नाही असा आरोप ठेवून, ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या सांगण्यावरून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये त्यांना कोर्टात नेलं. इतक्या मोठ्या कंपनीच्या ग्राहकांना कळलं नाही तर तुम्हा-आम्हाला घाईत काय कळणार.

मी स्वतः फसलोय. पैशांवरचे छोटे व्हिडिओ करायचं भूत माझ्याही डोक्यात शिरलं होतं. एका सॉफ्टवेअरची ट्रायल घेतली, तीन संध्याकाळी खपून सहा मिनिटांचा व्हिडिओ बनवला, एक्सपोर्ट केल्यावर मधोमध भला मोठा वॉटरमार्क. पानावर घड्याळ उलटं चालत होतं, सेल संपायला १४ मिनिटं, म्हणून घाईने वर्षाचं घेतलं. दुसऱ्या दिवशी सहज तेच पान उघडलं तर घड्याळ परत पहिल्यापासून चालू. दुसऱ्यांना रात्रंदिवस 'घाई करू नका' सांगणारा मी. त्यामुळे तुमच्या रविवारच्या सेलची काळजी करू नका, तो पुढच्या रविवारीही असेल.

आवाज मागे पडतो ना, तो सॉफ्टवेअरचा दोष नसण्याची शक्यता जास्त आहे. मोबाईलचे बरेच व्हिडिओ बदलत्या फ्रेम रेटचे असतात, म्हणजे सेकंदाला कधी ३० चित्रं कधी २७, आणि एडिटिंगला टाकले की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहा मिनिटांनी तोंड आधी हलतं. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून आधी कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्या. नवीन ३० चं घेतलं असतंत तर हाच त्रास तिथेही आला असता आणि मग तिसरं शोधलं असतंत.

पुढच्या कामासाठी फुकटातलं घ्या. डाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनला वॉटरमार्क येत नाही आणि ४के अल्ट्रा एचडीपर्यंत ६० फ्रेमने एक्सपोर्ट होतं, तुमच्या यूट्यूबला याहून जास्त काय लागतं? फक्त ते जड आहे, तुमच्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर धापा टाकेल. मग शॉटकट किंवा केडेनलाईव्ह बघा, दोन्ही ओपन सोर्स, दोन्हीत प्रॉक्सीची सोय आहे, म्हणजे एडिट करताना हलकी कॉपी आणि एक्सपोर्टला मूळ क्लिप. दिसायला तितकं चकचकीत नाही, शिकायला दोन आठवडे जातील. पैसे देऊन घ्यायचं ते क्लायंटने 'मला याच सॉफ्टवेअरची फाईल हवी' म्हटल्यावर, आणि तेव्हा ते त्याच्या बिलात लावायचं.

अजून एक, तुम्ही जोडलेल्या स्टेटमेंटमध्ये तीन बारीक रकमा दर महिन्याला जातायत, म्युझिक लायब्ररी, टेम्प्लेट आणि क्लाउड स्टोरेज, मिळून ४. पत्रात त्यांचा उल्लेखही नाही, म्हणजे विसरलात. सॉफ्टवेअरच बंद पडलंय तर टेम्प्लेट कशात टाकताय? पहिल्या दोन आजच बंद करा. क्लाउडवर तुमच्या मूळ क्लिप असतील तर आधी त्या हार्ड डिस्कवर उतरवा, मग तेही. घरखर्च ८०, हप्ता १०, हे ४ वाचले की उरतात १०, ते २५ मध्ये टाकत जा, वर्षभरात दीड महिन्याच्या पगाराएवढी गंगाजळी होते. कोणी यात 'हमखास परताव्याची' पॉलिसी घुसवायला आलं तर त्याला माझा नंबर द्या.

हप्ता कोणत्या तारखेला कटतो ते पत्रात कुठेच नाही. आईला विचारा, तिला पाठ असेल.