‘द वेलिंग’च्या शेवटी खरं कोण बोलत होतं, ती बाई की मांत्रिक?

तुम्ही विचारलंय की ना होंग-जिनच्या ‘द वेलिंग’ (2016) या कोरियन भयपटात शेवटी जोंग-गूने, म्हणजे मुलगी आजारी पडलेल्या त्या गावच्या पोलिसाने, कोणाचं ऐकायला हवं होतं. माझ्या मते त्या पांढऱ्या कपड्यांतल्या बाईचं. (सिनेमा पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळा शेवट सांगितलाय.)

गावातल्या खुनांमागे ज्याचा हात असल्याचा संशय आहे, त्या परक्या जपानी माणसाला मांत्रिक इल-ग्वांग सामील आहे, याबद्दल मला शंका नाही. शेवटी तो जोंग-गूच्या रक्ताने माखलेल्या घरात येऊन फोटो काढतो, आणि त्याच्याकडचा खोका सांडतो तेव्हा आधीच्या बळींचे फोटो बाहेर पडतात. त्याच्या खूप आधी, कपडे बदलताना, जपान्यासारखाच लंगोट त्याच्याही अंगावर दिसतो. सिनेमातून वगळलेल्या एका प्रसंगात तर तो जपान्याला गाडीत घालून नेतो. तो प्रसंग कापला हे उत्तमच झालं. जोंग-गूला त्या रात्री यातलं काहीच ठाऊक नसतं, मग आपल्याला का असावं?

खरा पेच गल्लीत आहे. बाई म्हणते, कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरात जाऊ नकोस. मांत्रिक फोनवर सांगतो, तीच भूत आहे. तिच्या अंगावर मेलेल्या माणसाचे कपडे आहेत, जवळच मुलीची, ह्योजिनची, हेअरपिन पडलीय. पुरावा म्हणाल तर सगळा तिच्याविरुद्ध. बाप तिसऱ्या आरवण्याआधीच घराकडे धावतो.

आता दारावर टांगलेल्या त्या रोपाकडे बघा. जोंग-गू उंबरठा ओलांडतो त्याच क्षणी ते कोमेजतं. म्हणजे तोवर बाईने घातलेलं बंधन शाबूत होतं, बाई खोटं बोलत नव्हती. आणि अशीच वाळलेली रोपं आधीच्या मृतांच्या घरीही दिसली होती! काही जण त्यावरून तिलाच खुनी ठरवतात. मला उलट वाटतं: ती प्रत्येक घर राखायला गेली आणि दरवेळी घरातल्याच कुणीतरी ते बंधन मोडलं. कोकणातल्या वाचकाला राखणदार ही कल्पना नवीन नाही. ही त्या गावाची राखणदारीण आहे. तिच्यासमोर उभं राहताच इल-ग्वांगच्या नाकातून रक्त येतं आणि त्याला उलट्या होतात, तेही मला याच बाजूचं वाटतं.

गुहेतला प्रसंग मात्र जास्त कठीण आहे. तरुण धर्मसेवक विळा घेऊन जातो, आणि जपानी त्याला हातावरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवतो. लूकच्या शुभवर्तमानातलं जे वचन सिनेमाच्या सुरुवातीला येतं, पुनरुत्थित येशूचं, तेच हा सैतान बोलतो. त्यावरून ‘संशयानेच सैतान जन्माला आला’ असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. बाईसुद्धा जोंग-गूला सांगते की तू संशय घेतलास, माणूस मारलास, हे तुझं पाप. त्यावर तो म्हणतो, पण माझी मुलगी त्याआधीच आजारी पडली होती. त्या बापाचं बरोबर आहे. आजार आधी, संशय नंतर. संशयाने फक्त दार उघडलं.

मग ह्योजिनच का? इल-ग्वांग म्हणतो, गळ टाकणाऱ्याला काय लागेल ते त्यालाही ठाऊक नसतं. सिनेमा सुरूही होतो तो गळाला आमिष लावणाऱ्या हातांवर. तो मांत्रिक लबाड असला तरी या एका बाबतीत मला तो खरं बोलतोय असं वाटतं.