तारीख जवळ आली की झोप उडते

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर (अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार). दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. तारीख जवळ आली की मला झोप लागत नाही, त्याच्यावरच खेकसते. सासूबाई म्हणतात, दुखणं तुझ्या माहेरचं. – एक वाचक, हडपसर

उत्तर : सासूबाईंचं आधी. सदोष जनुक आई आणि वडील, दोघांकडून आल्याशिवाय थॅलेसेमिया मेजर होत नाही. हे तुम्ही सांगून पटायचं नाही. पुढच्या खेपेला त्यांनाच सोबत न्या, डॉक्टर सांगतील.

तारखेच्या आधी मुलाचं हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. तो दमतो, किरकिरतो. ते हट्टीपण नव्हे. नेमक्या त्याच दिवसांत तुमच्या डोक्यात रक्तपेढी, सुई, रजा. म्हणून कामं वाटा: क्रॉसमॅचचा (पिशवीतलं रक्त जुळतं का, हे बघायचा) नमुना देणं आणि पिशवीची चौकशी नवऱ्याकडे, एकाआड एक खेप त्यांचीच. रक्त चढवून अंगात साठणारं लोह उतरवायची रोजची गोळीही त्यांनीच द्यावी. ‘मदत करतो’ एवढ्यावर सोडू नका, वहीत नाव लिहा.

दोन आठवडे बहुतेक रात्री झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ससूनच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. जीव नकोसा वाटला तर मात्र थांबू नका: टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.