फारुकींवर लिहिणाऱ्या एका पोरीला पत्र

बेटा,

तुझा दुसरा चॅप्टर सावकाश वाचला. भाषा चांगली आहे, तारखाही बऱ्याचशा बरोबर आहेत, आणि एमएच्या डिसर्टेशनला दिल्ली-आग्रा सोडून तू आपल्या खानदेशचे फारुकी सुलतान घेतलेस याचा मला फार आनंद झालाय. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. तो तक्ता काढून टाक. डावीकडे सुलतानांची नावं, उजवीकडे 'स्वतंत्र' आणि 'मांडलिक' असे दोन रकाने आणि प्रत्येकापुढे एक टिक, असं करून तू दोनशे वर्षांचं राजकारण परीक्षेच्या पेपरसारखं सोडवलंयस. दिसायला छान दिसतं, गाईडलाही आवडेल कदाचित, पण त्यात खानदेश कुठेच दिसत नाही.

नासिरखानाचंच घे ना. त्याचा बाप मलिक राजा, त्याला फिरोजशाह तुघलकाने 1370 मध्ये थाळनेरचा मुलूख दिला, दिल्ली ढिली पडल्यावर 1382 ला तो स्वतंत्र झाला, माळव्याशी सोयरीक केली, इथपर्यंत तू लिहिलंयस. पुढे नासिरने माळव्याची मदत घेऊन स्वतःच्या भावाकडून थाळनेर काढून घेतलं, मग गुजरातचा अहमदशाह चाल करून आल्यावर त्याच्यापुढे मान तुकवली, आणि 1429 ला पोरगी दिली ती दख्खनच्या बहमनी शाहजाद्याला. म्हणजे एकाच माणसाचे तीन दिशांना तीन संबंध, आणि तिघांपैकी प्रत्येकाला वाटतंय की हा आपला. तू याच्यापुढे 'मांडलिक' अशी टिक केलीस. कुणाचा मांडलिक? आणि कोणत्या वर्षी?

मग हाच नासिर, पोरीला सासरी नीट वागवत नाहीत अशी तक्रार आली म्हणून (निदान इतिहासकार फिरिश्ता तरी तसं सांगतो) बहमनींच्या वऱ्हाडात घुसला, रोहणखेडला बहमनी सरदार खलफ हसनकडून सपाटून मार खाल्ला, बुऱ्हाणपूर लुटलं गेलं आणि तो येऊन बसला आपल्या धुळ्याजवळच्या लळिंगवर. तिथेच 1437 मध्ये तो गेला. खाली दख्खनची फौज वेढा घालून बसलेली, वर गडावर नवा पोरगा मिरान आदिलखान, आणि तेवढ्यात बातमी येते की गुजरातची फौज सुलतानपूरपर्यंत, म्हणजे आपल्या शहाद्याच्या बाजूला, येऊन पोचली. खलफ हसन वेढा उठवून परत गेला. खंडणी कशासाठी भरायची हे लळिंगवर कळतं बघ. हायवेवरून मुंबईला जाताना तो गड रोज हजारो लोकांना दिसतो आणि त्याच्यावर काय निभावून गेलं हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून हा प्रसंग तुझ्या चॅप्टरमध्ये तळटीपेत नको, मधोमध पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं असं, की मांडलिकी ही दरवर्षी नव्याने होणारी घासाघीस आहे. त्यात बघायचं काय, तर पैसा कोण कुणाला देतोय, संकटात फौज कुणाची येते, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गादी रिकामी झाली की वारस कोण ठरवतो. पैसा थकवता येतो, फौज पाठवायला उशीर करता येतो, पण एकदा का तुझा राजा दुसऱ्याच्या तंबूत ठरायला लागला की मग फार काही उरत नाही.

दुसऱ्या आदिलखानाला तू 'स्वतंत्र' ठरवलंस. गोंडवनाच्या राजांना त्याने वाकवलं हे खरं, बुऱ्हाणपूरजवळच्या आसीरगडाचं बांधकाम वाढवलं, शाह-ए-झारखंड असा किताब लावला, गुजरातची खंडणी बंद केली. पण 1498 मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगडा फौज घेऊन आला तेव्हा मुकाट्याने थकबाकी भरली ना? गोंडांसाठी तो धनी आणि बेगड्यासाठी थकबाकीदार, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. त्याच्यानंतर मात्र घराणं खरंच खाली आलं, कारण पुढचा सुलतान दाऊदखान मेल्यावर एक दावेदार अहमदनगरचा आणि एक गुजरातचा असं झालं, आणि 1509 ला बेगड्याने स्वतः थाळनेरला येऊन आपल्या नातवाला गादीवर बसवलं. तो तिसरा आदिलखान. फौज, पैसा, वारस, तिन्ही गोष्टी गुजरातच्या हातात.

आणि आता गंमत बघ. त्याच तिसऱ्या आदिलखानाचा पोरगा मिरान मुहम्मद, गुजरातच्या बहादूरशाहचा भाचा. 1537 ला दीवला पोर्तुगीजांच्या हातून बहादूरशाह मेला, तर गुजरातच्या अमिरांनी गादीसाठी यालाच बोलावलं! बिचारा वाटेतच वारला. मग गुजरातच्या गादीचा पुढचा वारस कुठे होता, तर खानदेशात, फारुकींच्या कैदेत. त्याला सोडलं आणि तो सुलतान झाल्यावर नंदुरबार आणि सुलतानपूर खानदेशला मिळालं. धन्याचा वारस मांडलिकाच्या तुरुंगात, हे तुझ्या तक्त्यात कुठे बसवशील सांग.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लांबलचक पत्र टाइप करतोय. फारुकी दोनशे वर्षं टिकले ते का? तू लिहिलंस, आसीरगड होता म्हणून. गड होताच, पण गडाने एकट्याने कुणी वाचत नाही. ते टिकले कारण त्यांच्या चारी बाजूंना धनी होते. गुजरात दाबायला लागला की माळवा, माळवा आला की गुजरात, दख्खनचे आले की पुन्हा गुजरात. मांडलिकाला एक धनी सोडून दुसऱ्याकडे जाता येतं तोपर्यंतच त्याच्या शब्दाला किंमत असते. नकाशा घे आणि साल टाकत जा. 1562 च्या सुमाराला अकबराने माळवा घेतला. त्याचा सरदार पीर मुहम्मद बुऱ्हाणपूरपर्यंत लुटत आला तेव्हा खानदेशचा मुबारकशाह, वऱ्हाडचा तुफालखान आणि माळव्यातून पळून आलेला बाजबहादूर असे तिघे एकत्र आले, त्याला मागे रेटलं, तो नर्मदेत बुडून मेला. तेव्हा अजून तिघे एकत्र येऊ शकत होते. 1572-73 ला गुजरात गेला. 1574 ला वऱ्हाड निजामशाहीने गिळलं, 1596 ला तेही मोगलांकडे. आता खानदेशच्या उत्तरेला, पश्चिमेला आणि पूर्वेला एकच माणूस, आणि दक्षिणेला मोडकळीला आलेलं अहमदनगर.

राजे अलीखान हे सगळं बघत होता. माझ्या मते फारुकींमधला सगळ्यात शहाणा माणूस हाच. अकबराचं वर्चस्व मान्य केलं, मुलगी शाहजादा सलीमला दिली, 1591 ला फैजी अकबराचा वकील म्हणून आला त्याची सरबराई केली, निजामशाहीच्या गादीवर अकबराला हवा तो बुऱ्हाण बसवायला फौज दिली, आणि तरीही बुऱ्हाणपुरात राज्य स्वतःचं ठेवलं. तिथली जामा मशीद त्याची. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, घराण्याची वंशावळ कोरलेली. तो फोटोवरून वाचू नकोस, समोर उभी राहून वाच, आणि त्यात अकबराचं नाव आहे का ते स्वतः शोध. मग त्याच मशिदीत अकबराने नंतर आपल्या विजयाचा लेख कोरून घेतलाय तो बघ.

आणि या माणसाचा शेवट कसा झाला ते तू एका ओळीत उरकलंस, त्याचं मला वाईट वाटलं. फेब्रुवारी 1597, गोदावरीकाठी सोनपेठची लढाई. समोर सुहेलखान, विजापूर-गोवळकोंडा-अहमदनगरची फौज, इकडे मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम, आणि मोगलांच्या बाजूने राजे अलीखान आपली माणसं घेऊन. तोफांच्या आणि हल्ल्याच्या सगळ्यात वाईट तडाख्यात तो सापडला. अंधार पडला, कोण कुठे आहे कळेना, खानदेशचा राजा दिसेना, तेव्हा मोगलांनी काय समजावं? हा पळाला, किंवा तिकडे सामील झाला. आणि त्यांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी प्रेतांच्या ढिगात तो सापडला, आपल्या माणसांसकट. धन्यासाठी जीव दिला आणि त्याच रात्री धन्याच्या सैनिकांनी त्याचे तंबू लुटले. इतकी वर्षं निष्ठा दाखवून मांडलिकाबद्दलचा संशय किती पातळ पडद्याआड असतो, हे यापेक्षा स्पष्ट मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

त्याचा पोरगा बहादूर हे बघूनच गादीवर बसला, हे विसरू नकोस. शाहजादा दानियाल बुऱ्हाणपूरवरून गेला तेव्हा तो भेटायला गडावरून खाली उतरला नाही. लोक त्याला मूर्ख म्हणतात, तूही जवळपास तेच लिहिलंस. मला तो मूर्ख वाटत नाही, एकटा वाटतो. आसीरगडाला वेढा चालू असतानाच ऑगस्ट 1600 मध्ये अहमदनगर पडलं, मग मदत मागायची कुणाला? जानेवारी 1601 ला गड गेला, बहादूर ग्वाल्हेरला कैदेत आणि खानदेश मोगली सुभा झाला. गड कसा पडला यावर अकबराचा इतिहासकार अबुल फजल एक सांगतो आणि जेझुइट पाद्री दुसरंच, शपथ मोडून आणि पैसे चारून घेतला म्हणतात. दोन्ही दे, निकाल घाईने देऊ नकोस.

साधनांबद्दल एक. अबुल फजल अकबराच्या पदरी, फिरिश्ता विजापूरला, मिरात-ए-सिकंदरी ही बखर गुजरातच्या बाजूची. म्हणजे जवळपास सगळं धन्यांच्या अंगणात बसून लिहिलेलं. तेच हत्ती पाठवणारा भेट म्हणून पाठवतो आणि घेणाऱ्याचा लेखक खंडणीत धरतो. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचार, हे कुणाच्या घरातून लिहिलंय.

शेवटच्या चॅप्टरमध्ये 1818 घ्यायचं म्हणतेस, जरूर घे. 6 जानेवारीला मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला, त्यात थाळनेरही गेलं. किल्लेदार तुळशीराम मामा. 27 फेब्रुवारीला इंग्रज सेनापती हिस्लॉप फौज घेऊन दारात आला, धन्याने किल्ला दिलाय म्हणून सांगितलं तरी आतून गोळ्या सुटल्या. तोफांनी बाहेरचे दरवाजे फुटले, किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला, पण शेवटच्या दरवाजाच्या दिंडीपाशी आतल्या अरबांची आणि इंग्रज अधिकाऱ्यांची झटापट झाली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिलं, ज्यावरून पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्येही बोललं गेलं. मांडलिकाने धन्याला सोडल्याच्या गोष्टी तुझ्याकडे भरपूर आहेत, धन्याने कागदावर सही करून खालच्याला सोडून दिल्याची ही एक घाल.

आणि त्याच्यानंतर इंग्रजांनी भिल्ल नाईकांशी आणि डांगच्या राजांशी काय केलं तेही बघ. तिथे पैसा उलटा वाहतो, धनीच खालच्याला तनखा देतो आणि तरी धनी राहतो. आहव्याला डांग दरबारात राजांच्या घराण्यांना तो तनखा आजही दिला जातो, अक्कलकुव्याकडचं काठी संस्थान खानदेशच्या कलेक्टरच्या देखरेखीखाली होतं. हा वेगळाच विषय आहे, एमएत मावणार नाही, पीएचडीला ठेव.

आधी नकाशा कर, सालं टाकून, फारुकी मधे आणि धनी भोवती. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन कॅटलॉग बघून ये. थाळनेरला जाशील तेव्हा शिरपूरवरून जा, कबरींपैकी ती अष्टकोनी नीट बघ, लेखाचे फोटो काढ आणि मला व्हॉट्सॲपवर पाठव. सुधारलेला चॅप्टर दिवाळीच्या आत आला तर बरं, सुट्टीत निवांत वाचता येईल. घरी आईबाबांना नमस्कार सांग.

तुझे सर