प्रवेश घेतला आणि पुढे झेपलं नाही तर?

"मॅडम, फॉर्मच नको भरायला. आज प्रवेश घ्यायचा आणि दिवाळीनंतर पोरीला काढून घ्यायची, त्यापेक्षा आत्ताच नको."

पुण्यातल्या एका वस्तीत राहणाऱ्या, चार घरी पोळ्या करणाऱ्या आईचे हे शब्द. वडील रिक्षा चालवतात. लेक महापालिकेच्या शाळेतून दहावी झालेली, बारावी सायन्सला ८२ टक्के, सीईटी दिलेली. इंजिनिअरिंगची फी सव्वा लाख आहे असं कुणीतरी सांगितलं आणि घरात तो विषयच बंद झाला.

पैशाची काळजी पालक बोलून दाखवतात. मुलीला आशा लावून ती आपल्याच हातानं मोडावी लागेल, ही भीती मात्र फार थोडे सांगतात. या आईनं ती सांगितली, म्हणून मी धीराचे शब्द नंतरसाठी ठेवले आणि कागद पुढे ओढला. "ताई, एकूण फी राहू दे. कुठल्या महिन्यात तुमच्या हातून किती जाणार, तेवढंच लिहू."

कुटुंब ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या कितीतरी खाली. अशा घरातल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर २०२४-२५ पासून राज्य सरकार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करतं. सव्वा लाखातला मोठा भाग तिथंच कमी झाला. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही, त्यामुळे मामांनी सुचवलेलं एक नाव आम्ही खोडलं. विकास शुल्क, अनामत, पुस्तकं, जाणं-येणं हे मात्र घरालाच बघावं लागणार होतं. सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये, असं शासनानं महाविद्यालयांना बजावलेलं आहे, तरी खिडकीवर पूर्ण फी मागितली जाते. तेव्हा काय म्हणायचं, हे मी मुलीकडून दोनदा बोलून घेतलं.

पुढची ओळ महापालिकेची. पुणे महापालिका लोकशाहीर अण्णाभाऊ साठे शैक्षणिक अर्थसहाय्य योजनेतून बारावीनंतर पुढे शिकणाऱ्यांना २५,००० रुपये देते. खुल्या गटालाही ८० टक्के पुरतात, म्हणजे ती बसत होती. आईचा चेहरा खुलला, "मग यातूनच भरू की!" इथे मी थांबवलं. हे पैसे प्रवेश झाल्यावर, अर्जाची छाननी होऊन खात्यात येतात. त्यांच्या भरवशावर प्रवेशाची तारीख धरली की घर उसनवारीत जातं. प्रवेशाच्या दिवशी लागणारी रक्कम बचत गटाच्या कर्जातून काढायची आणि पालिकेचे पैसे दुसऱ्या सत्रासाठी धरायचे, असं ठरलं.

मला मनापासून वाटतं, की पैसा तीन दारांत विखुरलेला आहे आणि एका दाराला दुसऱ्याची खबर नाही. राज्य फी सोडतं, पालिका रोख देते, तिथं शिकत असल्याचा दाखला, बोनाफाईड, महाविद्यालय देतं. पालिकेची शाळा मात्र दहावीनंतर मुलांचा हात सोडते. त्याच शाळेत जूनमध्ये एक माणूस बसवला, महाविद्यालयांशी आधीच बोलून ठेवलं, तर किती घरांतली ही भीती टळेल! योजना आहेतच. त्या त्याच मुलांसाठी आहेत.

वडील दुसऱ्या भेटीला आले, फारसं बोलले नाहीत. निघताना त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, तेव्हा मला कळलं की फॉर्म भरला जाणार.

मुलीला कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. पालिकेचे पैसे उशिरा आले आणि त्यातून तिनं जुना लॅपटॉप घेतला.

आता तिच्या धाकट्या भावाची चौकशी आहे. तो पालिकेच्या शाळेत नववीत आहे. मुलग्यांना पूर्ण माफी नाही, निम्मी सवलत मिळते, हे मी स्पष्ट सांगितलं. पण पालिकेच्या शाळेतल्या मुलांना दहावीनंतरच्या मौलाना आझाद योजनेचे १५,००० रुपये ७० टक्क्यांवरही मिळतात. जात वैधता प्रमाणपत्राला महिनोन्महिने लागतात, म्हणून अकरावीला प्रवेश झाला की त्याचा अर्ज लगेच टाकायचा. बहिणीची कागदपत्रं एका फाईलमध्ये लावून ठेवायला सांगितली आहेत, ती त्याला उपयोगी पडतील.