वाचकांचे प्रश्न : अ‍ॅनफिल्डची वाढलेली आसने आणि न उतरलेले दर

लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड या मैदानाच्या विस्ताराविषयी गेल्या अंकात एक छोटे टिपण दिले होते. आधी मेन स्टँड आणि नंतर अ‍ॅनफिल्ड रोडकडील स्टँड उंच करून मैदानाची क्षमता सुमारे ४५ हजारांवरून ६१ हजारांपर्यंत कशी नेली गेली, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांचा रोख बांधकामापेक्षा तिकीट आणि प्रवास यांच्याकडे अधिक आहे, म्हणून या वेळी त्यांतले काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहत आम्ही वाढलो, त्यामुळे फुटबॉलची गर्दी आम्हाला नवी नाही. सोळा हजार आसने वाढली, तर बाजाराच्या न्यायाने तिकीट उतरायला हवे. ते का उतरत नाही? (एक वाचक, कोल्हापूर)

आवक वाढली की भाव पडतो हे खरे, पण आवक मागणीच्या जवळपास पोहोचली तरच. अ‍ॅनफिल्डवर ६१ हजार आसने भरल्यानंतरही हंगामी तिकिटाच्या प्रतीक्षायादीत हजारो लोक वर्षानुवर्षे ताटकळत असतात. शेवटचे आसन खपवण्यासाठी दर कमी करण्याची वेळ क्लबवर येतच नाही.

दुसरी बाब अशी की, वाढलेले प्रत्येक आसन तुमच्याआमच्यासाठी वाढलेले नसते. २०१६ मध्ये खुल्या झालेल्या नव्या मेन स्टँडमुळे सुमारे साडेआठ हजार आसने वाढली. त्यांतला मोठा हिस्सा जेवणखाण आणि खास दालनांसह विकल्या जाणाऱ्या महागड्या जागांचा होता, कारण बांधकामाचा खर्च भरून निघणार तो मुख्यत्वे याच जागांतून. अ‍ॅनफिल्ड रोडकडील विस्तारात मात्र, म्हणजे वाढलेल्या सुमारे सात हजार आसनांपैकी, ५,२०० च्या आसपास आसने सर्वसाधारण विक्रीसाठी आणि उरलेली लाउंजसाठी ठेवली गेली. म्हणून स्टँड किती मोठा झाला हे विचारण्याआधी तो कोणासाठी मोठा झाला हे विचारावे.

मेन स्टँडचे काम चालू असतानाच क्लबने पुढच्या हंगामाचे दर जाहीर केले होते आणि त्यांत सर्वांत महाग तिकीट ७७ पाउंडांचे होते. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ वे मिनिट लागताच सुमारे दहा हजार समर्थक उठून मैदानाबाहेर चालू लागले. त्या क्षणी लिव्हरपूल २-० असा पुढे होता. उरलेल्या वेळात संडरलंडने दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला. त्यानंतर चार-पाच दिवसांतच मालकांनी समर्थकांची जाहीर माफी मागितली, ७७ पाउंडांचा दर मागे घेतला आणि सर्वांत महाग साधारण तिकीट पूर्वीच्याच ५९ पाउंडांवर गोठवले. ही गोठवणूक बरीच वर्षे टिकली. पुढे २०२३-२४ आणि २०२४-२५ या हंगामांत प्रत्येकी दोन टक्के वाढ झाली, आणि २०२५-२६ साठी दर पुन्हा स्थिर ठेवले गेले. स्थानिक रहिवाशांसाठी ९ पाउंडांची मोजकी तिकिटेही निघतात. आम्हाला यातून दिसते ते असे की, अ‍ॅनफिल्डचा दर आसनांच्या संख्येने आवरला गेला नाही, तो संघटित समर्थकांनी आवरला. ‘स्पिरिट ऑफ शँक्ली’ ही समर्थकांची संघटना २००८ पासून उभी आहे, आणि एप्रिल २०२१ मध्ये युरोपियन सुपर लीगचा, म्हणजे लिव्हरपूलसह युरोपातील मोजक्या बड्या क्लबांची वेगळी स्पर्धा काढण्याचा, डाव फसल्यावर क्लबला समर्थकांच्या मंडळाशी औपचारिक सल्लामसलत करण्याची व्यवस्था मान्य करावी लागली.

थोडे मागे जाऊन आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचे प्राण गेले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांवरील उभ्याने सामना पाहण्याच्या जागा बंद करून सर्वत्र आसने बसवण्याची शिफारस केली. त्याच अहवालात असेही सुचवले होते की, उभ्याच्या जागेचे पैसे भरणाऱ्या माणसाला परवडेल असे स्वस्त आसन उपलब्ध ठेवणे शक्य असले पाहिजे. उदाहरण म्हणून ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे दर दिले होते, आसन सहा पाउंड आणि उभ्याची जागा चार पाउंड. शिफारशीचा पहिला भाग वरच्या स्तरातील क्लबांसाठी बंधनकारक झाला, दुसरा मात्र कोणी कोणावर बंधनकारक केला नाही. इंग्लंडमधल्या दरवाढीचे मूळ शोधायचे तर आम्ही तरी ते याच अर्ध्या अंमलबजावणीत शोधू.

प्रश्न : पाहुण्या संघाच्या समर्थकांना ३० पाउंडांत तिकीट मिळते असे ऐकले. ही सवलत क्लब देतो की सरकार? (एक वाचक, नाशिक)

दोघेही नाही. प्रीमियर लीगमधील क्लबांनी आपापसांत ठरवून २०१६-१७ च्या हंगामापासून पाहुण्या समर्थकांच्या तिकिटावर ३० पाउंडांची कमाल मर्यादा घातली, आणि ती पुढेही चालू ठेवली. त्यामागे समर्थकांची ‘ट्वेंटीज प्लेंटी’ ही मोहीम होती. मागणी वीस पाउंडांची होती, मिळाले तीस. यजमान क्लबच्या स्वतःच्या समर्थकांना ही मर्यादा लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. २०२४ च्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडने हंगाम चालू असताना उरलेल्या तिकिटांचा दर सवलतीविना सरसकट ६६ पाउंड केला, तेव्हा हाच फरक तिथल्या मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या खिशाला जाणवला.

प्रश्न : आमचा मुलगा मँचेस्टरला शिकतो. आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत आणि अ‍ॅनफिल्डवर सामना पाहण्याचा बेत आहे. एवढ्या मोठ्या मैदानाला रेल्वे स्टेशन कसे नाही, आणि गर्दीतून परतायचे कसे? (एक वाचक, ठाणे)

चर्चगेट किंवा मरीन लाइन्सला उतरून वानखेडेवर चालत जाणाऱ्यांना हे नवलाचे वाटणारच. अ‍ॅनफिल्डजवळून रेल्वेमार्ग जातो. गोदीकडे जाणारी ती जुनी शाखा आजही मालगाड्यांसाठी वापरात आहे, परंतु त्यावरील वॉल्टन अँड अ‍ॅनफिल्ड हे प्रवासी स्टेशन १९४० च्या दशकातच बंद झाले. ते पुन्हा सुरू करण्याची मागणी अधूनमधून डोके वर काढते, पण अजून फलद्रूप झालेली नाही. म्हणून मँचेस्टरहून साधारण तासाभरात लाइम स्ट्रीट स्टेशनवर उतरल्यावर पुढचे सुमारे तीन-साडेतीन किलोमीटर बसने, टॅक्सीने किंवा पायी जावे लागते. शहराच्या मध्यभागातून सामन्याच्या दिवशी ९१७ क्रमांकाची जलद बस सोडली जाते. मोटार नेण्याचा विचार सोडून द्यावा. आजूबाजूच्या गल्ल्यांत सामन्याच्या दिवशी रहिवाशांच्या परवान्याखेरीज गाडी लावता येत नाही.

खरी कसोटी परतताना लागते. येताना माणसे दोन-तीन तासांत थोडी थोडी जमतात, कोणी आधी खायला थांबते, कोणी गप्पा मारते. जाताना मात्र शिट्टी वाजल्यापासून अर्ध्या तासात साठ हजार लोक एकाच वेळी रस्त्यावर असतात. आसने १६ हजारांनी वाढली म्हणजे हा लोंढा तेवढ्याने वाढला, पण गल्ल्या होत्या तेवढ्याच रुंद राहिल्या. त्यामुळे पाऊस नसेल आणि गुडघे साथ देत असतील, तर स्टेशनपर्यंत पाऊणएक तास सरळ चालत जाणे हा बसच्या रांगेपेक्षा बहुधा जलद मार्ग ठरतो. ज्येष्ठांनी मात्र अर्धा-पाऊण तास मैदानाजवळच थांबून गर्दी ओसरू द्यावी.

शेजारच्या एव्हर्टन क्लबचा अनुभव पाहिला, तर जवळ स्टेशन असणे हाही रामबाण उपाय नाही हे कळते. १८९२ पासूनचे गुडिसन पार्क सोडून एव्हर्टनचा पुरुष संघ २०२५ मध्ये ब्रॅमली-मूर गोदीतल्या सुमारे ५२,८०० क्षमतेच्या हिल डिकिन्सन स्टेडियमवर गेला. तिथून सँडहिल्स स्टेशन चालत गाठता येते. साउथपोर्ट, ऑर्म्सकर्क आणि हेडबोल्ट लेन या तिन्ही दिशांच्या गाड्या तिथे थांबतात, परंतु दोन्ही बाजूंच्या गाड्यांना मिळून मधला एकच फलाट आहे. फलाटावर माणसे दाटू नयेत म्हणून स्टेशनाबाहेर कठडे लावून दिशेनुसार रांगा उभ्या कराव्या लागतात आणि माणसे टप्प्याटप्प्याने वर सोडावी लागतात. चार डब्यांच्या एका नव्या गाडीत बसून-उभे मिळून पाचशेच्या आत माणसे मावतात. यावरून हजारोंच्या रांगेचा हिशेब आपणच करावा.

जर्मनीत सामन्याच्या तिकिटावरच त्या दिवशी स्थानिक बस, ट्राम आणि गाडीने फिरता येण्याची सोय अनेक क्लबांनी केलेली आहे. इंग्लंडमध्ये मैदान बांधणारा वेगळा, गाड्या चालवणारा वेगळा आणि सामन्याची वेळ ठरवणारा तिसराच. त्यातला तिसरा, म्हणजे दूरचित्रवाणी, तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. शनिवारी दुपारी तीनचा म्हणून जाहीर झालेला सामना प्रक्षेपणासाठी रविवारी किंवा सोमवारी रात्री आठलाही ढकलला जातो, रात्रीच्या सामन्यानंतर शेवटची गाडी चुकण्याची धास्ती असते आणि रविवारी रेल्वेच्या दुरुस्तीची कामे निघतात. म्हणून प्रक्षेपणाचे सामने जाहीर होईपर्यंत परतावा न मिळणारे रेल्वे तिकीट काढू नये.

प्रश्न : हे सारे टाळून शहराबाहेर मोकळ्या जागी प्रशस्त मैदान का बांधत नाहीत? (एक वाचक, सोलापूर)

लिव्हरपूलनेही जागा बदलण्याचा विचार केला होता. मात्र शहराबाहेर नव्हे, तर शेजारच्याच स्टॅन्ली पार्कात. त्या योजना वर्षानुवर्षे कागदावर राहिल्या. २०१० मध्ये मालकी बदलल्यावर, २०१२ मध्ये, नव्या मालकांनी आहे तिथेच विस्तार करण्याचे ठरवले. या अनिश्चिततेची किंमत लोथेअर रोड आणि अ‍ॅलरॉय रोडवरील शेजाऱ्यांनी मोजली. विस्ताराच्या शक्यतेपोटी क्लबने तिथली घरे विकत घेतली आणि अनेक घरे खिडक्यांना पत्रे ठोकून रिकामी ठेवली. रिकाम्या घराशेजारच्या घराला गिऱ्हाईक मिळत नाही, त्यामुळे राहिलेल्यांच्या घरांचे भावही कोसळले. आज मेन स्टँडमागचे प्रशस्त आवार दिसते, त्यात या पाडलेल्या घरांची जागा आहे. विस्तार जागेवरच व्हावा या मताचे आम्हीही आहोत, पण त्याचा निर्णय दहा वर्षे लोंबकळत ठेवण्याचे समर्थन करता येणार नाही.

प्रश्न : एका संकेतस्थळावर अ‍ॅनफिल्डचे तिकीट मूळ दराच्या चौपटीत मिळत आहे. घ्यावे का? (एक वाचक, पुणे)

घेऊ नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉल सामन्याचे तिकीट आयोजकांच्या परवानगीशिवाय विकणे हा १९९४ च्या फौजदारी कायद्यानुसार गुन्हा आहे. विकत घेणाऱ्यावर खटला होत नसला, तरी क्लब असे तिकीट रद्द करू शकतो. अ‍ॅनफिल्डवर प्रवेश मोबाइलमधील पासवर होतो, त्यामुळे अनोळखी विक्रेता दुसऱ्याचे सदस्यत्व तात्पुरते आपल्या हाती देतो आणि दारावर पास चालला नाही तर दाद मागायला कोणी उरत नाही. सरळ मार्ग दोनच : क्लबचे सदस्यत्व घेऊन सोडतीत नाव नोंदवणे, किंवा क्लबकडूनच जेवणासह मिळणारी महागडी जागा घेणे. सोडतीत नाव न लागल्यास मैदानाची मार्गदर्शकासह फेरी मारता येते. तिचे तिकीट तुलनेने सहज मिळते, मात्र सामन्याच्या दिवशी ती मर्यादित असते, म्हणून आधी वेळ पाहून घ्यावी.